उत्कियाग्विक ते कॉट्झेब्यू: अंतर ५४१ किमी, मग तिकिटात अख्खा दिवस का जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंची भाची अलास्काच्या उत्तर टोकाला, उत्कियाग्विकला, हवामानाच्या संशोधनासाठी राहतेय आणि तिला तिथून कॉट्झेब्यूला कामासाठी जायचंय. ताईंनी इथे बसून दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेऊन, एक अंश म्हणजे १११ किमी धरून हिशोब केला तर ८१० किमी आलं, अंतर दाखवणाऱ्या एका साइटने ५४१ किमी आणि १ तास ११ मिनिटं सांगितलं, आणि तिकिटाच्या साइटवर बघितलं तर सकाळी निघून संध्याकाळी पोचायचं, ते पण अँकरेजमार्गे, म्हणजे अलास्काच्या दक्षिणेकडच्या सगळ्यात मोठ्या शहरातून. तिन्हीपैकी खरं कोणतं, हे त्यांना हवंय.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे आणि अलास्कातली उड्डाणं प्लॅन करण्यात बरीच वर्षं गेलीत. डिस्पॅचर म्हणजे विमान सुटण्याआधी मार्ग, इंधन, हवामान, पर्यायी विमानतळ हे सगळं ठरवणारा माणूस, अमेरिकेत मोठ्या एअरलाइन्सच्या उड्डाणाची जबाबदारी कायद्याने कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांवर मिळून असते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. उत्तर जरा लांबणार आहे, पण घाईत दिलं तर उपयोगाचं होणार नाही.

आधी अंतर. ५४१ बरोबर आहे, ८१० चूक. ताईंची पद्धत महाराष्ट्रात बऱ्यापैकी चालली असती, तिकडे चालत नाही, कारण अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किमीच भरतो पण रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाल तसा आवळत जातो, सगळ्या रेखांशरेषा ध्रुवावर एकत्र येतात ना, म्हणून. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमी भरतो, कॉट्झेब्यूला ४४ च्या आत येतो, आणि उत्कियाग्विकला ३६ किमीसुद्धा भरत नाही. मुंबई आणि नागपूर विमानतळांच्या रेखांशात साधारण ६.२ अंशांचा फरक आहे आणि त्याचे ६४५ किमी होतात, या दोन गावांमध्ये ५.८३ अंशांचा फरक आहे, म्हणजे जवळजवळ तेवढाच, पण त्याचे होतात फक्त २३२ किमी! सगळी गडबड इथेच झाली.

घरी करून बघायचं असेल तर अवघड नाही. उत्कियाग्विकचा विमानतळ ७१.२९ उत्तर, १५६.७७ पश्चिम. कॉट्झेब्यूचा ६६.८८ उत्तर, १६२.६० पश्चिम. अक्षांशातला फरक ४.४ अंश, गुणिले १११.२, म्हणजे ४८९ किमी. रेखांशातला फरक ५.८३, त्याला आधी मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, मधला अक्षांश ६९.१, कोसाइन ०.३५७, आणि मग १११.२ ने, झाले २३१-२३२. आता पायथागोरस लावा, ४८९ चा वर्ग अधिक २३२ चा वर्ग, वर्गमूळ काढलं की ५४१. एवढ्या कमी अंतराला ही शाळेतली पद्धत मोठ्या सूत्राइतकंच उत्तर देते. हजारो किमीचं अंतर असेल, किंवा ध्रुवाच्या अगदी जवळ असाल, तर मात्र गोलावरचं पूर्ण सूत्रच वापरायला लागतं. एखादी साइट ५४३ दाखवेल, तीही चूक नाही, तिने पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी धरलेली असते, एवढाच फरक. आम्ही हेच २९२ नॉटिकल मैल लिहितो.

आणखी एक, मोबाइलवरच्या नकाशावर बोटाने अंदाज घेऊ नका. तो नकाशा उत्तरेकडे जाईल तसा ताणलेला असतो, ६९ अक्षांशावर जवळपास २.८ पट, त्यामुळे मुंबईजवळ एखादं अंतर स्क्रीनवर जेवढं लांब दिसतं त्याच्या अडीच पटीहून जास्त लांब तेच अंतर अलास्कात दिसतं. मोजपट्टीचं टूल वापरलं तर ते बरोबर सांगतं.

आता वेळ. १ तास ११ मिनिटं हा आकडा कुठून येतो ते आधी सांगतो. अशा बऱ्याच साइट सरासरी वेग ताशी ८०० किमी धरतात आणि चढणं-उतरणं म्हणून अर्धा तास मिळवतात, ५४१ भागिले ८०० म्हणजे ४१ मिनिटं, अधिक ३०, झाला तुमचा १ तास ११. या हिशोबाला त्या दोन गावांमध्ये विमान जातं की नाही हेच माहीत नसतं, ते जेट आहे की नऊ सीटचं पंख्याचं विमान तेही माहीत नसतं. रिकाम्या समुद्रातले दोन बिंदू दिले तरी तो वेळ सांगेल. म्हणून माझं सरळ मत आहे की उत्तरेकडच्या गावांसाठी त्या साइटवरचं अंतर घ्या आणि वेळेकडे बघूच नका.

खरी वेळ विमानावर ठरते. ७३७ सारखं जेट समजा थेट गेलं असतं तर गेट ते गेट तासाभरात झालं असतं. दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं विमान, २५० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) आसपास, सव्वा ते दीड तास. सेसना कॅरॅव्हॅन, म्हणजे एका इंजिनाचं ते गावोगाव फिरणारं विमान, १६० नॉट धरलं तर हवेतच १ तास ५० मिनिटं. हे सगळं वारा नाही असं धरून, आणि वारा नाही असा दिवस त्या किनाऱ्यावर क्वचितच मिळतो.

वाऱ्याचं लोकांना वाटतं की जाताना नडला तर येताना मदत करेल, फिटंफाट. तसं होत नाही. कॅरॅव्हॅन १६० नॉटची, वारा ४० नॉटचा. पाठीमागून असेल तर २०० ने जाल, १ तास २८ मिनिटं. समोरून असेल तर १२० ने, २ तास २६ मिनिटं. दोन्ही मिळून ३ तास ५४, आणि वारा नसता तर ३ तास ३९. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता म्हणून तो जेवढं खातो तेवढं पाठचा वारा परत देत नाही. उत्कियाग्विकला खालच्या थरात वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो आणि कॉट्झेब्यू तिथून दक्षिण-नैर्ऋत्येला, त्यामुळे खालून उडणाऱ्या विमानाला जाताना बरं पडतं, येताना जड. वर गेल्यावर वारा वेगळा असू शकतो, ते त्या दिवशीचा तक्ता बघूनच सांगता येतं.

परत लहान विमान सरळ रेषेत जाईलच असंही नाही. सरळ रेषा ब्रूक्स रेंजच्या पश्चिम टोकावरून, डी लाँग डोंगरांवरून आणि नोआटक नदीच्या खोऱ्यावरून जाते. डोंगर हिमालयासारखे उंच नाहीत, पण खाली वस्ती नाही, रस्ता नाही, आणि ढगात शिरलं की पंखांवर बर्फ धरायची भीती. एका इंजिनाचा पायलट अशा दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरवतो, वेनराइट, पॉइंट ले, पॉइंट होप, किव्हालिना, मग कॉट्झेब्यू, आणि ते मिळून जवळपास ७५० किमी भरतं, म्हणजे सरळ रेषेच्या वर आणखी २०० किमी. त्यात एखाद्या गावी उतरून टपाल टाकायचं असेल तर दर थांब्याला वीस-पंचवीस मिनिटं धरा. मी त्या जागी असतो तर मीही किनाराच धरला असता.

थंडीचा एक परिणाम लोकांना ठाऊक नसतो, तो इथे सांगतोच. विमानातला उंची दाखवणारा ऑल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो आणि खूप थंड हवा आकसलेली असते, त्यामुळे यंत्र दाखवतं त्यापेक्षा विमान प्रत्यक्षात खाली असतं. ढोबळ नियम असा की प्रमाण तापमानापेक्षा (समुद्रसपाटीला १५ अंश धरतात) दर १० अंश कमी असेल तर ४ टक्के. जमिनीवर उणे ४० असेल तर फरक ५५ अंशांचा, म्हणजे विमानतळापासून ३,००० फूट वर आहोत असं यंत्र म्हणतं तेव्हा तुम्ही साडेसहाशे फूट तरी खाली असता. डोंगरावरून जाताना हे मोजावंच लागतं, आणि मग कधी जास्त उंचीवरून जायचं ठरतं, कधी उड्डाणच थांबतं.

आता तिकिटातला अख्खा दिवस. या दोन गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा कायमचा रस्ता नाही, सगळी ये-जा विमानाची, उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर सामान घेऊन बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, येतात तेवढंच. उत्कियाग्विकची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ४,९०० च्या थोडी वर, कॉट्झेब्यूची ३,१०० च्या आसपास. दोन्ही आपापल्या भागाची मुख्य गावं, आजूबाजूच्या लहान वस्त्यांची विमानं तिथून सुटतात. पण दवाखान्याचं मोठं काम असो, सरकारी काम असो की किराणा, दोघांचाही ओढा अँकरेजकडे, एकमेकांकडे रोज जाणारी माणसं मोजकीच, त्यामुळे अलास्का एअरलाइन्सची जेट दोन्हीकडे अँकरेजहून येतात आणि अँकरेजलाच परत जातात. उत्कियाग्विक ते अँकरेज सुमारे १,१६५ किमी, अँकरेज ते कॉट्झेब्यू सुमारे ८८० किमी, बेरीज २,०४५ च्या घरात. ५४१ किमीवरच्या गावाला जायला आधी दक्षिणेकडे दुप्पट लांब जायचं आणि मग परत उत्तरेला चढायचं.

उडण्याचा वेळ तरी फार नाही, पहिला टप्पा दोन तासांच्या आतबाहेर, दुसरा दीड तासाच्या थोडा वर, मिळून साडेतीन-पावणेचार तास. बाकीचा दिवस अँकरेजला बसण्यात जातो कारण तिथून दोन्ही गावांना दिवसात मोजकीच विमानं असतात आणि ती एकमेकांना जुळवून ठेवलेली नसतात. शिवाय काही विमानं मध्ये थांबतात, उत्कियाग्विकचं प्रूडो बेमार्गे, कॉट्झेब्यूचं नोममार्गे. तिकीट बघताना थेट आहे की थांबा आहे हे नीट वाचायला सांगा, विमान बदलायचं नसलं तरी थांब्याने तास जातो.

आधी याच मार्गांवर अर्धं प्रवासी अर्धं सामान अशी ७३७-४०० कॉम्बी विमानं चालायची, पुढे सामानाचे चार पॅलेट आणि मागे ७२ माणसं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती निवृत्त झाली, आता प्रवाशांची वेगळी आणि मालाची वेगळी. उत्तरेकडच्या विमानसेवेत माल ही बाजूची गोष्ट कधीच नव्हती हे लक्षात ठेवायला हवं, दूध-अंडी-औषधं त्याच धावपट्टीवर उतरतात. लहान विमानात तर वजनाचा प्रश्न आला की बॅग पुढच्या फेरीला जाते, आणि तिकीट काढतानाच तुमचं स्वतःचं वजन विचारतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, खरं वजन सांगायचं, जाड जाकीट आणि बुटांसकट, कारण त्याच आकड्यावर पायलट इंधन किती घेता येईल ते ठरवतो.

आता इंधन, माझ्या कामातला सगळ्यात मोठा भाग हाच. मोठ्या एअरलाइनचा अमेरिकेतला नियम असा की पोचायच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांची उंची २,००० फुटांखाली किंवा दृश्यता ३ मैलांखाली जाण्याचा अंदाज असेल तर पर्यायी विमानतळ लिहून द्यावा लागतो, आणि मग मुक्कामापर्यंतचं, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि वर ४५ मिनिटांचं इंधन घ्यावं लागतं. मुंबईला जाणाऱ्या विमानाला पर्याय भरपूर मिळतात. उत्कियाग्विकच्या आसपास जेटला उतरता येईल असा विमानतळ म्हणजे प्रूडो बेचा डेडहॉर्स, तो सरळ रेषेत सव्वातीनशे किमीवर. कॉट्झेब्यूसाठी नोम, ते २९५ किमीवर. आणि बऱ्याचदा खराब हवामान एवढं पसरलेलं असतं की पर्यायाची जागाही झाकलेली असते, मग अँकरेज किंवा फेअरबँक्सपर्यंत परत येण्याएवढं इंधन चढवायचं, आणि ते वजन वाढलं की माल किंवा माणसं कमी करायची.

जुलैतली एक ठरावीक सकाळ सांगतो म्हणजे चित्र येईल. उत्कियाग्विकचा हवामान रिपोर्ट: तापमान २, दवबिंदू २, दृश्यता पाव मैल, धुकं. चोवीस तास सूर्य वर आहे, साधारण १० मे ते २ ऑगस्ट तो तिथे मावळतच नाही, तरी धुकं हटत नाही कारण बर्फाळ समुद्रावरची ओली गार हवा किनाऱ्यावर सरकत राहते. वारा जरा जमिनीकडून वळला तर अर्ध्या तासात मोकळं होईल, नाही वळला तर दुपारपर्यंत असंच. अँकरेजला प्रवासी गेटवर बसलेत. दोन तासांचं उड्डाण, म्हणजे मला आत्ता ठरवायचंय की दोन तासांनी तिथे काय असेल. डेडहॉर्स मोकळं असेल तर तो पर्याय लिहून जादा इंधन घालून सोडतो, वर जाऊन घिरट्या घालून वाट बघतील, जमलं तर उतरतील नाहीतर डेडहॉर्स. डेडहॉर्सलाही तेच धुकं असेल तर मी थांबवतो. प्रवासी चिडतात, त्यांचं बरोबरच असतं, कुणाचं लग्न असतं, कुणाची डॉक्टरची वेळ. पण तो निर्णय मी परत परत तसाच घेईन.

त्या गावाच्या विमानतळालाच वैमानिक वायली पोस्ट आणि विनोदी अभिनेते विल रॉजर्स यांचं नाव आहे. १५ ऑगस्ट १९३५ ला हे दोघं फेअरबँक्सहून तिकडे निघाले, खराब दृश्यतेत वाट सापडेना, गावापासून थोड्या अंतरावर एका खाजणात उतरून त्यांनी तिथल्या लोकांना दिशा विचारली, परत उड्डाण केलं आणि इंजिन बंद पडून विमान कोसळलं, दोघंही गेले. शेकडो किमी पार करून शेवटचे वीस-पंचवीस किमी राहिले होते. आता उपग्रहावरून वाट दिसते, इंजिनं कितीतरी भरवशाची झालीत, धुकं मात्र तेच आहे.

हिवाळ्याचं वेगळं. साधारण १८ नोव्हेंबर ते २३ जानेवारी उत्कियाग्विकला सूर्य उगवत नाही. अंधाराने जेटला फरक पडत नाही, धावपट्टीला दिवे आहेत. त्रास होतो तो उडत्या बर्फाचा, वारा सुटला की जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उचलून धावपट्टी दिसेनाशी करतो, आकाश वर निरभ्र असतानाही. कॉट्झेब्यूलाही हाच ताप. शिवाय उणे ३०-३५ मध्ये लहान विमानाचं इंजिन तापवून घेतल्याशिवाय सुरू करत नाहीत, त्यात सकाळचा वेळ जातो.

वेळेच्या पट्ट्याची काळजी नको, दोन्ही गावं आणि अँकरेज एकाच अलास्का वेळेवर चालतात, तिकिटावरच्या वेळा सरळ वजा केल्या की प्रवासाचा वेळ मिळतो. फक्त सूर्यावरून वेळ ओळखायला जाऊ नका, कॉट्झेब्यू एवढं पश्चिमेला आहे की उन्हाळ्यात तिथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे जवळजवळ तीन वाजलेले असतात. आपल्याकडची वेळ हिवाळ्यात तिच्यापेक्षा साडेचौदा तास पुढे, उन्हाळ्यात साडेतेरा. ती सकाळी नऊच्या विमानात बसेल तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा, त्यामुळे पोचल्याच्या फोनसाठी जागत बसू नका.

भाचीने काय करावं? जेटचंच तिकीट काढावं, दोन्ही टप्पे एकाच बुकिंगमध्ये, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय करणं एअरलाइनकडे राहतं, वेगवेगळी तिकिटं काढली की ते तिच्या गळ्यात पडतं. काम ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी पोचेल असं निघावं, आणि जुलै-ऑगस्टचं धुकं किंवा हिवाळा असेल तर दोन दिवस आधी. अँकरेजला दोन विमानांमध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मी तरी ते तिकीट घेणार नाही, त्या दिवशीचं पुढचं विमान गेलं तर रात्र तिथेच काढावी लागते. लॅपटॉप, औषधं, एक दिवसाचे कपडे आणि गरम जाकीट हातातल्या बॅगेत, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही.

थेट जायचंच असेल, म्हणजे टीममधले चार-सहा जण मिळून निघणार असतील, तर लहान विमान चार्टर करायचा विचार करण्यासारखा आहे. लहान कंपन्यांच्या फेऱ्या सीझनप्रमाणे बदलतात, त्यामुळे साइटवर शोधत बसण्यापेक्षा तिने गावातल्या विमानतळावर जाऊन काउंटरवर विचारावं, उत्कियाग्विकला विमानतळ गावाला लागूनच आहे, चालत जाता येतं. विचारताना तीन गोष्टी विचाराव्यात: विमान एका इंजिनाचं की दोन, मधल्या गावांना थांबणार का, आणि हवामानामुळे निघता आलं नाही तर पैशांचं काय. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्यावं.

आणि तिकीट शोधताना गाव सापडलं नाही तर बॅरो म्हणून शोधा. गावाने २०१६ मध्ये मतदान करून तिथल्या मूळ रहिवाशांच्या इन्युपिआक भाषेतलं आपलं नाव परत घेतलं पण विमानतळाचा कोड अजून बी आर डब्ल्यू आहे, कॉट्झेब्यूचा ओ टी झेड.